एक मासा, मग ॲरिझोना

व्हर्ना प्रुएटला कुणी विचारलं, बाई तू करतेस काय, तर ती म्हणते, "वल्हवते."

पोटासाठी ती शाळेची बस चालवते. ज्या शाळेतून सोळाव्या वर्षी पळाली, त्याच शाळेची. मुख्याध्यापक एकदा तिला म्हणाले, "व्हर्ना, अजून वेळ गेलेली नाही. परीक्षा देऊन टाक." ही म्हणाली, "सर, मी रोज शाळेत येते की. दारापर्यंत. तेवढी शाळा मला पुरते."

शाळा सोडल्यावर ती प्लायवूडच्या गिरणीत लागली. गिरणी बंद पडली. मध्ये एक नवरा झाला, तो गेला. मेला नाही, नुसता गेला. जाताना घरातला एकुलता एक चांगला टॉर्च घेऊन गेला, आणि राग तिला त्या टॉर्चचा आहे, नवऱ्याचा नाही. उरलं काय, तर बापाचं घर, बापाची लाकडी होडी आणि दाराशी टर्ली नदी. यातलं काहीच कुठे पळून जाणारं नव्हतं, म्हणून व्हर्नाचं बरं चाललं होतं.

ही होडी दोन्ही टोकांना वर वळलेली असते आणि बुडाला सपाट. वल्हवणारा मध्ये बसतो, तोंड नदी जाते तिकडे. पुढे न्यायचं काम नदीच करते, वल्हवणाऱ्याने उलटं ओढत राहायचं, होडी थोपवून धरायची. म्हणजे पुढच्या बाकावरच्या माणसाला निवांत गळ टाकता येतो. दिवसभर असं ओढलं की साधा माणूस रात्री चमचा उचलू शकत नाही. व्हर्ना घरी येऊन लाकडं फोडते.

नदीत मासे तीन तऱ्हेचे. बास उन्हाळ्यात. तो भिकारी. रबराचा किडा टाका, चिंधी टाका, खातोच. ट्राउट वसंतात. तो नखरेल, आधी बघणार, मग हुंगणार, मग मूड असेल तर तोंड लावणार. आणि स्टीलहेड हिवाळ्यात. स्टीलहेड म्हणजे ट्राउटच, पण घरातून पळून समुद्रात गेलेला, तिकडे गुंड झालेला आणि अंडी घालायच्या वेळेला आपल्या गावी परत आलेला. त्याला भूक नसते. तो का खातो ते ओरेगनमध्ये अजून कुणाला कळलेलं नाही. माणसं हजार वेळा गळ टाकतात आणि त्यांच्या बायका त्यांना सोडून जातात.

व्हर्नाच्या बापाचा होडीतला एक नियम होता. ज्याला मासा लागला त्याने पुढच्या बाकावरून उठायचं आणि वल्ही घ्यायची. दुसऱ्याने पुढे जाऊन बसायचं. बास आणि ट्राउटच्या दिवसांत माणसं नुसती उठबस करत राहतात. पण हिवाळ्यात ज्याला मासा लागत नाही तो बसलेलाच राहतो.

आणि व्हर्नाचा भाऊ हॉलिस तीन हिवाळे बसलेला होता.

हॉलिस तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. मिसरूड फुटायच्या आत इथून गेला तो आयडाहोत, लाकडांचे ट्रक चालवायला. जन्म घाटउतारावर गेला. बायको वारली, गुडघे गेले, मग एक दिवस पिशवी घेऊन व्हर्नाच्या दारात उभा. म्हणाला, "मला ॲरिझोनाला जायचंय रोंडाकडे. पण जायच्या आधी बापाच्या नदीत एक स्टीलहेड पकडायचाय. एक मासा, मग ॲरिझोना. आठवडाभर राहीन."

रोंडा ही त्याची मुलगी. दर रविवारी तिचा फोन. "बाबा, लागला का?"

"नाही गं अजून."

गावभर हे झालं होतं. गळ-दोरीच्या दुकानात लेस्टर बॉग्ज बसतो. मासेमारांच्या गाड्या वरच्या उतारावरून खालच्या उतारावर नेऊन ठेवायचं कामही तोच करतो. तुम्ही वरून होडी सोडायची, किल्ली टायरवर ठेवायची, तो गाडी खाली आणून उभी करतो. लेस्टरची जीभ मात्र गाडीपेक्षा जास्त फिरते. हॉलिस दुकानात शिरला की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "हे पाहा, हे हॉलिस प्रुएट. माशांचे मित्र. यांच्या गळाखाली मासे पिल्लं आणून ठेवतात, सुरक्षित म्हणून."

हॉलिस हसायचा. व्हर्ना नाही हसायची. "लेस्टर, तुझा तो भिंतीवरचा मोठा मासा कुणी पकडला ते मला माहितेय. सांगू?" मग लेस्टर आमिषाच्या गाभोळीची बरणी शोधायला मागे जायचा.

आता खरी गोष्ट. पहिल्या हिवाळ्यात हॉलिसला मासा लागला नाही तो त्याच्या स्वतःच्या कर्तृत्वावर. गळ टाकताना त्याचा हात असा फिरायचा जसा काही दोरखंड फेकतोय. पण दुसऱ्या हिवाळ्यात त्याचा हात सुधारला. आणि त्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी व्हर्ना बस लावून घरी आली, तर स्वयंपाकघराचा वर्षानुवर्षं घासणारा दरवाजा गुपचूप बंद झाला. हॉलिसने बिजागऱ्या बदलल्या होत्या. बटाटे तळत होता, बेसूर गात होता, खिडक्यांवर वाफ धरली होती. व्हर्ना कोट न काढता तशीच उभी राहिली. हॉलिस यायच्या आधी त्या घरात तिच्याशिवाय कुणी आवाज केल्याला किती वर्षं झाली होती, तिला आठवेना.

पुढच्या शनिवारी नदीत तिचा हात आपोआप जड झाला.

पळतं पाणी आणि निवांत पाणी एकमेकांना घासतं तिथे एक रेघ पडते. स्टीलहेड त्या रेघेखाली पडून असतो. वल्हवणाऱ्याने होडी अशी धरायची की गळ बरोबर त्या रेघेवरून वाहत जाईल. व्हर्ना ती हातभर लांब धरायला लागली. फक्त हातभर. बघणाऱ्याला कळणार नाही इतकं. हॉलिसचा लाल तरंगता गोळा रेघेच्या अलीकडून निवांत वाहत जायचा, खाली गाभोळी लोंबकळत, आणि तिकडे पलीकडे मासे झोपा काढायचे.

तिला काही फार वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. मग घरी जाऊन बटाटे खाल्ले.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी रोंडाचा फोन आला, तो बापाला नाही, व्हर्नाला.

"आत्या, बाबांची खोली झाली. रंग पण दिलाय. खिडकीतून डोंगर दिसतो. आता बास झालं, त्यांना पाठव."

"मी कुठे धरून ठेवलंय? तो म्हणतो एक मासा."

"तीन वर्षं एक मासा? आत्या, खरं सांग, तू मुद्दाम ठेवून घेतेयस ना त्यांना?"

रोंडा हसत म्हणाली होती. व्हर्नाचे कान तापले. "तुझ्या बापाला गळ टाकता येत नाही, त्याला मी काय करू?"

"मग हा शेवटचा हिवाळा. मार्चच्या शेवटी मीच येते गाडी घेऊन. मासा लागो नाहीतर न लागो."

"ये की," व्हर्ना म्हणाली, आणि फोन ठेवून तिने भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

शनिवारी सकाळी पाऊस बारीक आणि सरळ पडत होता. वरच्या उतारावर व्हर्नाने ट्रेलर मागे घेतला, होडी पाण्यात सोडली, किल्ली टायरवर ठेवली. नेहमीसारखंच. फक्त डोकं तिकडे त्या खोलीत, त्या खिडकीत. दोन वळणं गेली. हॉलिस पुढच्या बाकावर पाठ करून बसलेला, गळ पाण्यात.

"व्हर्ना."

"काय?"

"माझे मोजे ओले झालेत."

"पाऊस पडतोय, हॉलिस."

"वरून नाही. खालून."

व्हर्नाने खाली बघितलं. तिच्या बुटांवर पाणी होतं आणि सँडविचचा डबा त्या पाण्यात मजेत फिरत होता.

होडीच्या मागच्या बाजूला तळाशी एक भोक असतं. घरी नेताना आतलं पाणी काढायला. पाण्यात सोडायच्या आधी त्यात बूच बसवायचं. नदीवरचं शेंबडं पोरही हे विसरत नाही. आणि जो विसरतो त्याला गाव म्हातारा होईपर्यंत विसरू देत नाही. बूच गाडीत आरशाला टांगलेलं होतं, आणि गाडी एव्हाना लेस्टर खाली घेऊन निघाला असणार.

"तू?" हॉलिस वळून बघत म्हणाला. "तू बूच विसरलीस? तू?"

"हसू नकोस. उपस."

"मी हसत नाहीये."

"पाठ हलतेय तुझी!"

होडी दगडासारखी जड झाली होती. वळणावर नदी सगळ्यांना बाहेरच्या अंगाने सुसाट ढकलते, तिथे कुणी थांबत नाही. थांबायला जागाच नाही असं सगळे समजतात. पण आतल्या बाजूला, पाण्यावर वाकलेल्या झाडांखाली, वाळूचा एक तुकडा होता. खाटेएवढा. व्हर्नाने दात खाऊन ओढलं आणि होडीचं नाक कसंबसं त्या तुकड्यावर चढवलं. दोघांनी मिळून मागची बाजू वर ओढली. भोकातून पाणी भसाभसा बाहेर यायला लागलं.

तिने एक जाड फांदी तोडली, चाकू काढला आणि वाळूत फतकल मारून ती तासायला बसली.

"मी काय करू?" हॉलिस म्हणाला.

"काहीही कर. माझ्या उजेडात उभा राहू नकोस. गळ टाक जा."

"इथे? इथे मांडीएवढं पाणी आहे."

"मग मांडीएवढ्यात टाक. मला नाव ठेवायचं असेल तर घरी गेल्यावर ठेव."

हॉलिस कुरकुरत झाडांखाली वाकून गेला. वर फांद्या, हात फिरवायला जागा नाही, म्हणून त्याने नुसतंच गोळा पुढे ढकलल्यासारखं केलं. लाल गोळा झाडांच्या मुळांच्या कडेने वाहत गेला. वीतभर गेला असेल नसेल. आणि दिसेनासा झाला.

"अडकला," हॉलिस म्हणाला. "सांगत होतो मी. मुळात अडकला." त्याने वैतागून काठी ओढली.

मूळ चालायला लागलं.

आधी हळूच, नदीच्या मध्यावर. मग तिथे पाणी फुटलं आणि एक चांदीची फळी हवेत उभी राहिली, वळली आणि धाडकन आडवी पडली. हॉलिसच्या तोंडून असा आवाज निघाला की व्हर्नाने चाकू बोटात घातला.

"व्हर्ना! व्हर्ना! काय करू?"

"काठी वर धर! वर! रिळाला हात लावू नकोस, पळू दे त्याला!"

"पळतोय!"

"दिसतंय मला!"

मासा खाली निघाला होता. नदीबरोबर. दोरी रिळावरून किंचाळत सुटत होती. खाली काठाने जायला वाट नव्हती, सरळ कडाच पाण्यात उतरलेला. मागे जायचं तर होडीनेच. आणि होडीला भोक. फांदी अर्धी तासलेली, एका बाजूने जाड, एका बाजूने चपटी.

व्हर्नाला बोलायचं होतं ते एवढंच. बूच झालं नाही, हॉलिस. जाऊ दे त्याला. खोटंही नव्हतं. जगातल्या कुठल्याही नावाड्याने मान डोलावली असती. दोरी संपली असती, तुटली असती, दोघं घरी गेले असते. मार्चच्या शेवटी रोंडा आली असती तरी हॉलिस तिला म्हणाला असता, अजून नाही गं, पुढच्या हिवाळ्यात बघू. हॉलिस तसाच आहे.

तिने त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडं, त्यात पाऊस जातोय, टोपी कुठेतरी पडलेली. हा माणूस सबंध आयुष्यात कुणाकडे काही मागायला गेला नव्हता. एक मासा मागत होता.

तिने बूट काढला. लोकरीचा मोजा काढला, फांदीला गुंडाळला, फांदी भोकात घातली आणि दगडाने ठोकली. तीन ठोके. चौथ्याला दगड फुटला.

"बस!"

"पण पाणी..."

"बस म्हटलं ना, गाढवा!"

तिने होडी ढकलली, उडी मारली आणि वल्ही धरली. आणि दोन हिवाळ्यांत पहिल्यांदा व्हर्ना प्रुएटने होडी मोकळी सोडली. मोकळीच काय, वर आणखी वल्ह्यांनी पुढे रेटली. वळणावरच्या दगडांमधून ती अशी गेली की पलीकडचा बगळा उडाला. मोज्यातून पाणी आत झिरपत होतं, एक पाय उघडा, गारठून निळा पडलेला, आणि ती ओरडत होती, "दोरी घे! आता घे! वळलाय तो, गुंडाळ, गुंडाळ!"

"गुंडाळतोय!"

"नाही गुंडाळत आहेस, बघत बसलायस!"

"मी कधी बघितलाच नाही गं एवढ्या जवळून!"

कड्याखालच्या निवांत पाण्यात मासा दमला. एकदा होडीखालून गेला, एकदा वल्ह्याला वळसा घातला. व्हर्नाने एक वल्हं काखेत दाबलं, दुसऱ्या हाताने जाळी पाण्यात धरली.

"जाळी! जाळी!"

"मला शिकवू नकोस! डोकं वर आण त्याचं!"

पहिल्यांदा हुकलं. हॉलिस देवाचं नाव घ्यायला लागला, जे त्याने चर्चमध्येही घेतलं नव्हतं. दुसऱ्यांदा मासा आत.

मोठा होता. चांदीवर गालाला जरासा गुलाबी, जसं कुणी नुकतंच चिडवलंय. व्हर्नाने जाळी पाण्यातच ठेवली आणि त्याच्या पाठीवर, शेपटीजवळ बोट फिरवलं. तिथला छोटा पर शाबूत होता. सरकारी हौदात वाढवलेल्या पिल्लांचा तो पर कापून सोडतात. तसला असेल तर तो खुशाल तव्यावर. हा जंगली होता, नदीचा स्वतःचा. याला कायद्याने पाण्याबाहेरही काढायचं नाही.

"सोडावा लागेल," ती म्हणाली.

"माहितेय." हॉलिस होडीच्या कडेवरून वाकला होता, दोन्ही हात माशाच्या पोटाखाली. "गार आहे गं."

"मासा आहे, हॉलिस."

"फोटो?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फोन गाडीत.

"राहू दे," हॉलिस म्हणाला. त्याने हात थोडे उघडले. मासा क्षणभर तिथेच राहिला, जणू आपण सुटलोय हे त्याला कळलंच नव्हतं. मग शेपटीचा एक फटका हॉलिसच्या तोंडावर उडवून गेला.

हॉलिसने तोंडही पुसलं नाही. मग उठला, गुडघे मोडत मधल्या बाकाकडे आला आणि म्हणाला, "सरक. नियम आहे."

तीन हिवाळ्यांत पहिल्यांदा व्हर्ना पुढच्या बाकावर बसली. हॉलिसने वल्ही धरली तशी होडी आधी गोल फिरली. मग उलटी चालली. मग एका दगडावर जाऊन थांबली, विश्रांती घ्यावी तशी.

"हा दगड इथे होता का आधी?"

"माझ्या आज्याच्या वेळेपासून."

"कुणीतरी पाटी लावायला पाहिजे."

एरवी व्हर्ना हसली असती. तिच्या हातात काठी होती, पण गळ टाकायचा उत्साह नव्हता. तिने ओल्या सँडविचचा अर्धा तुकडा मागे दिला, अर्धा स्वतः खाल्ला. दगडावरून सुटल्यावर हॉलिस म्हणाला, "रोंडाला फोन करायला पाहिजे."

"कर ना," व्हर्ना पुढे बघत म्हणाली.

मनातल्या मनात तिने त्याची पिशवी भरून टाकली. तपकिरी स्वेटर ठेवून घ्यावा का, एवढाच प्रश्न होता. तिकडे त्याला तो लागणार नाही. तरी तिला वाटलं, आपण आज वल्हवलं ते बरोबर वल्हवलं. फांदी ठोकली ते बरोबर केलं.

खालच्या उतारावर लेस्टर वाट बघत उभा होता. आणखी दोन होड्यांची माणसं जमवून. त्याने हात उंच केला. हातात दोरीला टांगलेलं बूच, घंटेसारखं हलवत.

"व्हर्ना प्रुएट! काही हरवलंय का गं तुझं?"

"तुझी अक्कल तर नाही ना? तशी लहानच आहे," व्हर्ना म्हणाली, पण आज तिला जोर लागेना. बाकीचे हसले.

"आणि वल्ही हॉलिसकडे कशी?" लेस्टर दोन पावलं पुढे आला. त्याचे डोळे बारीक झाले. नियम गावाला माहीत होता. "हॉलिस? लागला की काय?"

व्हर्नाने तोंड उघडलं. तीन हिवाळ्यांचे टोमणे तिच्या जिभेवर एका रांगेत उभे होते. आता ती सांगणार होती, त्या माशाची लांबी वाढवून सांगणार होती, लेस्टरचं थोबाड बघायला तिला अंगावरचा कोट द्यावा लागला असता तरी चाललं असतं.

"नाही," हॉलिस म्हणाला. "हिचा पाय गारठलाय. बूट काढून बसलीय बघ. म्हणून मी घेतली."

"म्हणजे सुकंच?"

"सुकंच."

"अरेरे," लेस्टर खूश होऊन म्हणाला. "हॉलिस, मी काय म्हणतो, मासे आता तुझ्यासाठी वर्गणी काढतायत. एकाला पाठवतील, निवडणूक घेऊन."

सगळे हसले. हॉलिसही हसला, पोट धरून. व्हर्नाने तोंड मिटलं. इतकं घट्ट मिटलं की दात दुखले. लेस्टरच्या हातातून बूच हिसकावलं, होडी ट्रेलरवर चढवली, गाडीत बसली आणि हीटर पूर्ण सोडला. हॉलिस शेजारी बसून वाफाळत होता.

तो का खोटं बोलला ते तिला कळलं, असं तिला वाटलं. लागलाच नाही म्हटलं की जायला नको. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने काच पुसायच्या बहाण्याने तोंड फिरवलं.

टेकडीच्या माथ्यावर फोनला रेंज येते, म्हणून सगळं गाव तिथे गाडी थांबवतं. हॉलिस म्हणाला, "थांबव जरा." त्याने फोन लावला. व्हर्ना समोर बघत राहिली. आता तो म्हणेल, नाही गं अजून.

"रोंडा? हां. लागला गं, आज."

व्हर्नाची मान गर्रकन वळली.

"मोठा. तुझ्या आत्याने... हो, सोडला. जंगली होता. नाही, फोटो नाही. मी खोटं कशाला बोलू?" मग तो थोडा वेळ ऐकत राहिला. कान चोळला. "ते तुला सांगायचंच होतं, बाळ. मी येत नाहीये. राहायला नाही येत. नाही गं, माशामुळे नाही. मासा झाला. मला इथेच बरं वाटतंय." पुन्हा ऐकलं. "माहितेय रंग दिलास. हो. हो, चूक माझी आहे, आधीच सांगायला पाहिजे होतं. मलाच कुठे माहीत होतं."

त्याने फोन मांडीवर ठेवला, कट न करता. आतून रोंडाचा आवाज चालूच होता.

"मग लेस्टरला खोटं का सांगितलंस?" व्हर्ना ओरडलीच. "मी तिथे जीभ चावून उभी! त्याला असं तोंडावर..."

"वेडी आहेस का तू?" हॉलिस म्हणाला. "लेस्टरला कळलं असतं तर उद्या पहाटे सगळं गाव त्या झाडांखाली रांगेत उभं असतं. तिथे आणखी एक आहे, व्हर्ना. मुळांच्या मागे. मी बघितला."

व्हर्नाने बूच परत आरशाला टांगलं.

"आणि आज तू छान वल्हवलंस," तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "सरळ. ब्रेक न लावता."

"कसला ब्रेक?"

"घाटात लाकडांचे ट्रक चालवलेत मी. कुणी ब्रेकवर पाय ठेवलाय ते माझ्या बुडाला कळतं."

हीटरची गरम हवा थेट व्हर्नाच्या तोंडावर येत होती, म्हणून गाल लाल झाले असतील. "कधी कळलं?"

"मागच्या हिवाळ्यात."

"मग बोलला का नाहीस, माणसा?"

"मी तक्रार केली का कधी?"

फोनमधून रोंडा ओरडली, "बाबा! आत्याला द्या! आत्या, ऐकतेयस ना? मी त्या खोलीचं काय करू आता?"

व्हर्नाने फोन घेतला. नाक ओढलं. जे मनात होतं तेच विचारलं. "रंग कुठला दिलास?"

"पिवळा."

"पिवळा त्याला आवडत नाही. पिवळं बघितलं की त्याला घाटातल्या धोक्याच्या पाट्या आठवतात."

पलीकडे रोंडा रडत होती की हसत होती ते कळेना. दोन्ही असावं. "आत्या, तू फार वाईट बाई आहेस."

"हो. ऐक, जूनमध्ये पोरांना घेऊन ये. बास लागतात तेव्हा. तुझ्या धाकट्यालाही लागेल, डोळे मिटून. आणि तुझ्या बापाला मी आणते ना तिकडे, जुलैत पाणी आटलं की. आठवडाभर. मी चालवीन गाडी."

"जुलैत?" हॉलिस शेजारून ओरडला. "ॲरिझोनात, जुलैत? मला काय भाजून खायचंय का तुम्हा दोघींना?"

"तू गप बस," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि व्हर्नाने गाडी टेकडीच्या उताराला लावली.